रेडिओच्या खोक्यामागून

(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



सकाळपासून चार-पाच जणांनी मला धरलं, "भो, तो रेडिओवाला आवाज काढ ना!" ती फर्माईश आज पुरी करणार नाही. का, ते सांगतो.

दहावीच्या गॅदरिंगला आपण 'रेडिओ रावेर' बसवला होता. खोक्याला कापड लावून केलेला रेडिओ आणि त्यामागे मी. दर बुधवारी अमीन सायानींची 'बिनाका गीतमाला' ऐकणारी आपली पिढी, त्यामुळे निवेदकाची नक्कल सगळ्यांनाच यायची. टाळ्या घेतल्या त्या माझ्या सिनेमाच्या बातमीदाराने. तो लाडेलाडे बोलायचा, नटांच्या दंडांचं कौतुक करताना थकायचा नाही, नटीचं नाव निघालं की विषय बदलायचा आणि वर म्हणायचा, "माझ्यासाठी मुलगी बघा हो!" तो कसा आहे हे अख्ख्या रावेरला कळलेलं, फक्त त्यालाच नाही. एवढाच विनोद.

तो आवाज माझा नव्हता. आपल्याच वर्गातल्या एकाचा उचललेला होता. तो मागे खांबाला टेकून उभा होता. कापडाच्या फटीतून मला दिसत होता. सगळे हसले. तोही हसला, पण जरा उशिरा. मला पहिलं बक्षीस मिळालं. त्याला दुसऱ्या दिवसापासून स्टेशनापर्यंत 'रेडिओ' म्हणून हाका. परीक्षेपर्यंत तो वर्गात बोललेला मला आठवत नाही.

पुढे गणपत पाटलांविषयी वाचलं. तमाशापटातला नाच्या म्हटलं की तेच डोळ्यांपुढे येतात. माणूस संसारी, पण पडद्यावरची ती चाल लोकांनी त्यांना खऱ्या आयुष्यातही चिकटवली. त्यांच्या आत्मचरित्राचं नावच 'रंग नाच्याचा'. नटाला रंग पुसल्यावरही एवढं सोसावं लागतं. मग ज्याचा तो स्वतःचाच आवाज, त्याने काय पुसायचं?

मध्यंतरी मुलीने मला बीबीसी रेडिओचा १९६५ ते १९६८ मधला 'राउंड द हॉर्न' ऐकवला. त्यातले ज्युलियन आणि सँडी असेच लाडिक बोलतात. पण त्यांना सगळं ठाऊक असतं; उलट तेच समोरच्या सभ्य गृहस्थाची फिरकी घेतात. तेही इंग्लंडात पुरुषापुरुषांतले संबंध १९६७ पर्यंत गुन्हा असताना! आपल्याकडे तर सज्ञानांच्या संमतीच्या संबंधांवरचा तो शिक्का पुसायला सर्वोच्च न्यायालयाचा ६ सप्टेंबर २०१८ चा निकाल यावा लागला. ते ऐकताना लक्षात आलं, माझ्या बातमीदाराला मी मुद्दामच अडाणी ठेवलं होतं. त्याला कळत असतं, तर त्याने आपल्याला उत्तर दिलं असतं.

तो मित्र कोणत्या वाटेचा, मला आजही माहीत नाही आणि ते विचारण्याचा मला अधिकारही नाही. त्याचा आवाज नाजूक होता, एवढंच. आज तो आलेला नाही. तिघांना पत्ता विचारला, मिळाला नाही. स्मरणिका छापायची आहे, म्हणून हे लिहून आणलं. त्याच्या हाती पडली तर एवढंच वाच, मित्रा: चूक माझी होती. बक्षिसाचं पेन अजून माझ्याकडे आहे, ते तुझं.

आणि बाकीच्यांनो, त्याचा पत्ता कळला तर मला द्या. पण त्याला हाक मारायची ती नावाने.

बट्ट्या तळून झाल्याचा वास येतोय. थांबतो.