घंटेला बांधलेली सवय
(केंद्राच्या शिक्षण परिषदेत शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



दीर्घ टाळेबंदीत मुलांच्या मोडलेल्या आरोग्यदायी सवयी पुन्हा कशा जडवाव्यात, या विषयावर मी चार शब्द बोलावेत अशी आपली इच्छा आहे. टाळेबंदी संपून वर्षे लोटली, मग हा विषय आज कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर शाळाभेटींतच मला मिळाले आहे.

मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या. ग्रामीण भागातील पहिली ते चौथीचे वर्ग उघडण्यास 1 डिसेंबर 2021 पासून आरंभ झाला. म्हणजे सुमारे वीस महिने लहान मुलांच्या कानी शाळेची घंटा पडली नाही. जून 2020 मध्ये ज्याचे नाव पहिलीच्या पटावर चढले, ते मूल प्रथम वर्गात बसले ते थेट दुसरीत. पहिलीच्या वर्षात आपण मुलास अक्षरे शिकवतो तसेच ठरल्या वेळी येणे, नखे दाखवणे, जेवणापूर्वी हात धुणे, पंगतीत बसणे, मैदानावर आपला डाव येईपर्यंत थांबणे हेही शिकवतो. त्या काळात पोषण आहाराचा कोरडा शिधा मुलांच्या घरी पोहोचला. पंगत मात्र पोहोचू शकली नाही. म्हणून अशा मुलांच्या बाबतीत "सवयी परत आणणे" हा शब्दप्रयोग मला अपुरा वाटतो. जे मुळात लागलेच नव्हते ते परत कोठून येणार? ती मुले आज वरच्या वर्गांत गेली आहेत. "एवढी मोठी झालीस, तरी हात धुणे सांगावे लागते?" असे आपण रागावून म्हणतो, तेव्हा ते तिला कोणी केव्हा शिकवले, हा प्रश्न प्रथम स्वतःस विचारला पाहिजे.

आता माझीच एक चूक सांगतो. शाळा सुरू झाल्यावर मी मोठ्या उत्साहाने दहा आरोग्य-सवयींची यादी सर्व शाळांना पाठवली. तीन महिन्यांनी पाहतो तो, यादी प्रत्येक शाळेच्या भिंतीवर होती आणि सवय क्वचितच कोठे होती. एका द्विशिक्षकी शाळेत चार नळ होते, पाणी होते. साबण मात्र कपाटात. विचारता गुरुजी म्हणाले, "साहेब, बाहेर ठेवला की कावळे नेतात." त्यांचे म्हणणे खरे होते. पण कपाट उघडून साबण मागण्याचे धैर्य सहा वर्षांच्या मुलास कसे व्हावे? पुढच्या भेटीत त्याच गुरुजींनी साबण जाळीच्या पिशवीत घालून नळाशी टांगलेला दिसला. मधल्या सुटीची घंटा झाली की मुले रांगेने नळाकडे जात, तेथून ताटाकडे. आरंभी गुरुजी स्वतः रांगेत पहिले उभे राहत. माझी दहा कलमे जे करू शकली नाहीत ते एका जाळीच्या पिशवीने केले.

यातील मर्म असे की, सवय उपदेशाने लागत नाही; ठरलेली वेळ, ठरलेली जागा आणि आधीपासून घडत असलेली एखादी गोष्ट यांच्याशी ती बांधावी लागते. टाळेबंदीत नेमके हेच तुटले. दिवसाचे भाग पाडणारी घंटाच नाहीशी झाली. उठणे, खाणे, खेळणे, निजणे यांच्या सीमा पुसल्या गेल्या आणि त्या रिकाम्या जागेत मोबाईल येऊन बसला.

सवय मुरण्यास किती काळ लागतो, याचा अभ्यास लंडनच्या एका विद्यापीठातील संशोधकांनी केला असून तो 2009 साली प्रसिद्ध झाला. 96 व्यक्तींनी प्रत्येकी एक नवी कृती रोज ठराविक प्रसंगी करण्याचे ठरवले. ती आपोआप घडू लागण्यास साधारणपणे 66 दिवस लागले. कोणास 18, तर कोणास 254 दिवस लागतील असा हिशेब निघाला. ते लोक प्रौढ होते, म्हणून हे आकडे आपल्या मुलांना जसेच्या तसे लावू नयेत. तथापि दोन बोध घेण्याजोगे आहेत. पहिला असा की, आठवडाभराच्या मोहिमेने सवय लागत नाही. शाळा उघडताच जूनमध्ये आरंभ केला, तर स्वातंत्र्यदिनापर्यंत नेटाने चालवावे आणि तोवर दुसरी सवय हाती घेऊ नये. दुसरा असा की, एखादा दिवस चुकल्याने केलेले वाया जात नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा धरले की पुरे. म्हणून चुकलेल्या मुलास परिपाठात सर्वांसमोर उभे करू नये. दिवाळीची व उन्हाळ्याची सुटी ही तर दरवर्षी येणारी लहानशी टाळेबंदीच होय. सुटीनंतरचा पहिला आठवडा सवयी पुन्हा बसवण्यासाठी मुद्दाम राखून ठेवावा.

खेळाविषयीही हेच. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना दररोज सरासरी 60 मिनिटे मध्यम ते जोमदार शारीरिक हालचाल हवी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यासाठी महाग साहित्य लागत नाही. लंगडी, लगोरी, खोखो पुरेसे आहेत. उघड्या उजेडातील खेळ दृष्टीलाही हितकर आहे. मात्र खेळाच्या तासाला गणिताचा राहिलेला भाग उरकण्याची आपली जुनी खोड प्रथम सोडली पाहिजे.

शेवटी झोप. सहा ते बारा वर्षांच्या मुलास 9 ते 12 तास झोप लागते. सकाळी सहाला उठणारे मूल रात्री नऊला निजले पाहिजे. पालकांना आपण सांगतो, "मुलांच्या हाती मोबाईल देऊ नका." आणि आपल्यापैकी काहीजण रात्री साडेनऊला गटावर गृहपाठ पाठवतात. टाळेबंदीत तो नाइलाज होता. आज ती आपली सवय झाली आहे. मुलाच्या हाती रात्रीचा मोबाईल मग कोणी दिला? गृहपाठ शाळा सुटण्यापूर्वी फळ्यावर लिहून द्यावा, एवढी माझी विनंती आहे.

आणि ही विनंती करण्याचा अधिकार मला तेव्हाच, जेव्हा मी स्वतः सुधारेन. रात्री उशिरा माहिती मागवणारे माझे संदेश आपणांस आले आहेत, हे मी जाणतो. आजपासून सायंकाळी सहानंतर, आपत्तीचा प्रसंग वगळता, माझा संदेश येणार नाही. एखादे दिवशी मी चुकलो, तर दुसऱ्या दिवशी मला आठवण करून द्या. मीही शिकणाराच आहे.