धुळीचे दुखणे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली. घरात घडले तेच सांगते. सातारा-सांगलीकडची कितीतरी माणसे पोटासाठी मुंबईस गेली, तसे आमचे थोरले भाऊजीही गेले. अ‍ॅस्बेस्टॉसच्या कारखान्यात वीस वर्षे राबले. गावी परतल्यावर चार पावलांत धाप लागू लागली. आधी क्षय समजून औषधे झाली. मग मोठ्या डॉक्टरांनी छातीचा फोटो पाहून सांगितले, त्या धुळीने फुप्फुसे निबर झाली आहेत. ती पुन्हा सुधारत नाहीत.

हे दुखणे वीस-तीस वर्षांनीही डोके वर काढते. धुळीचे कपडे झटकून धुणाऱ्या बायकांनाही ते होऊ शकते.

27 जानेवारी 1995 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. अशा कामगाराच्या प्रकृतीची नोंद कामास लागल्यापासून 40 वर्षे किंवा काम सुटल्यावर 15 वर्षे, यांपैकी जी मुदत उशिरा संपेल तोवर ठेवावी. त्या खटल्यात रोगी ठरणाऱ्या कामगारास एक लाख रुपये भरपाई ठरली.

पण भाऊजींची हजेरीची कार्डे जाऊबाईंनी रद्दी समजून चुलीत घातली होती. मागायचे कशाच्या आधारावर?

म्हणून बायांनो, पगाराची चिठ्ठी, कार्ड, छातीचा फोटो ट्रंकेत जपा. धापेचा माणूस डॉक्टरांकडे नेलात, तर त्याचे जुने काम आधी सांगा.