लग्नाच्या फोटोंचा धंदा : आधी काय घ्यावं, मग काय घ्यावं



आम्ही दोघी जावाजावा. फलटणला आमच्या सासऱ्यांनी सुरू केलेला फोटो स्टुडिओ गेली दहा-अकरा वर्षं आम्ही चालवतो. पासपोर्ट फोटो, शाळेचे गटफोटो, डोहाळजेवणं, बारशी सगळं करतो. पण घर चालतं ते लग्नांवर. आज आम्ही बोलणार आहोत आमच्या अवजारांबद्दल. कॅमेरा आणि कॉम्प्युटर कधी बदलायचा, आधी कोणता बदलायचा आणि त्यासाठी पैसे कुठून काढायचे. तुमच्याकडे कॅमेरा नसेल, शिलाई मशीन असेल किंवा पिठाची गिरणी असेल, तरी ऐका. हिशोबाची रीत तीच आहे.

हा विषय आत्ता घेतला, कारण चातुर्मास चालू आहे. बहुतेक घरांत या दिवसांत लग्नं होत नाहीत. तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू होतील आणि मग आम्हाला डोकं वर काढायला सवड नसेल. शिवाय दसरा-दिवाळीला दुकानांत सवलतींच्या पाट्या लागतात आणि हात आपोआप पर्सकडे जातो. म्हणून जे ठरवायचं ते त्याआधी, घरी बसून, कागदावर.

सासऱ्यांच्या काळी एका रोलमध्ये ३६ फोटो यायचे. एका लग्नाला चार-पाच रोल, म्हणजे पावणेदोनशेच्या आसपास फोटो. एकच कॅमेरा त्यांनी पंधरा वर्षं वापरला. धुवून आलेल्या निगेटिव्ह पाकिटात घालून, वर तारीख टाकून, लोखंडी कपाटात ठेवायच्या. आता हळद, सीमांतपूजन, लग्न आणि वरात धरून आम्ही दोघी मिळून अडीच हजार फोटो काढतो. त्यावर व्हिडिओ वेगळा. काम वाढलं, पण कपाट कुठं आहे?

आमचं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. काम जिथं हरवू शकतं तिथं पहिला रुपया घाला. काम जिथं अडतं तिथं दुसरा. आणि जे लोकांना दिसतं त्यावर शेवटचा. बाजार आपल्याला नेमकं उलट सांगतो. नवा कॅमेरा गळ्यात दिसतो, हार्ड डिस्क कुणाला दिसत नाही.

आता हरवण्याचं पाहू. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची एक रॉ फाईल साधारण २५ ते ३० एमबीची असते. अडीच हजार फोटो म्हणजे ७० जीबीच्या आसपास. व्हिडिओ फोर-के मध्ये, १०० मेगाबिटच्या वेगानं काढला, तर तासाला ४५ जीबी लागतात. चार तासांचे झाले १८०. म्हणजे एक लग्न अडीचशे जीबीचं आणि चार लग्नांत एक टीबीची डिस्क भरली. वर्षाला तीस लग्नं धरली, तर साडेसात टीबी. आणि ही झाली एकच प्रत.

आम्ही प्रती तीन ठेवतो. एक कॉम्प्युटरमध्ये. दुसरी बाहेरच्या हार्ड डिस्कवर, स्टुडिओच्या कपाटात. तिसरी दुसऱ्या डिस्कवर, स्टुडिओबाहेर, घरी. स्टुडिओत पाणी शिरलं, चोरी झाली, शॉर्टसर्किट झालं, तरी एक प्रत उरलीच पाहिजे. या तिन्ही प्रती झाल्याशिवाय कॅमेऱ्यातलं कार्ड पुसायचं नाही, मग दुसऱ्या दिवशी दुसरं लग्न का असेना. त्यासाठी चार कार्डं जास्तीची घ्यावी लागतात, ती घ्या. आणि वर्षानुवर्षं कपाटात ठेवायच्या प्रतीसाठी साधी हार्ड डिस्कच बरी. एसएसडी वेगवान असते, पण खूप काळ विजेशिवाय पडून राहिली तर तिच्यातला मजकूर जाण्याचा धोका असतो.

हे सगळं कशासाठी, ते सांगतो. मागच्या वर्षी एक बाई आल्या. त्यांच्या लग्नाला सहा वर्षं झालेली. वडील नुकतेच गेले होते आणि घरात त्यांचा धड फोटो नव्हता. जे होते ते आधार कार्डावरचे. त्या विचारत होत्या, लग्नात बाबांचा एकट्याचा कुठं निघालाय का? अल्बममध्ये तसा नव्हता. पण डिस्कवर होता. मुलीची पाठवणी चालू असताना मांडवाच्या खांबाला टेकून उभे राहिलेले, उपरण्यानं तोंड पुसताना. अल्बम लावताना तो फोटो कुणी निवडला नव्हता. त्या बराच वेळ स्क्रीनसमोर बसून राहिल्या, मग म्हणाल्या, मोठा करून द्या. आपल्याकडे अनेक घरांत आई-वडिलांचे चांगले फोटो मुलांच्या लग्नातच निघतात. तेवढं आपल्या हाती असतं. म्हणून आमच्या खर्चात डिस्क पहिली.

डिस्कच्या जोडीला यूपीएस. आमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही. फोटो उतरवून घेताना मध्येच वीज गेली तर फाईल अर्धी राहते. कॉम्प्युटर नीट बंद करायला पाच-दहा मिनिटं मिळाली तरी पुष्कळ.

दुसरी गोष्ट अडण्याची. लग्न दोन दिवसांचं असतं, पण त्यामागचं काम आठ-दहा दिवसांचं. ते कॉम्प्युटरवर होतं. कॉम्प्युटर संथ असेल तर अल्बम लांबतो, अल्बम लांबला की उरलेले पैसे लांबतात. नवा घेण्याआधी एक तपासणी करा. फोटो एक्सपोर्टला लावा आणि टास्क मॅनेजर उघडून बघा. प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांपैकी शंभर टक्क्यांना काय टेकलंय? मेमरी टेकली असेल तर आठ जीबीची सोळा किंवा बत्तीस करा. डिस्क टेकली असेल तर जुनी काढून एसएसडी बसवा. कैक वेळा एवढ्यावर आणखी दोन-तीन वर्षं निघतात. प्रोसेसरच टेकला असेल, तर मात्र मशीन बदलण्याचा विचार करा.

आमचं मशीन जुनं होतं आणि विंडोज टेनवर चालायचं. मायक्रोसॉफ्टचा विंडोज टेनला नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज इलेव्हन आमच्या जुन्या प्रोसेसरला चालत नव्हतं. म्हणून मशीन बदललं. पण मॉनिटर, कॅबिनेट, कीबोर्ड जुनेच ठेवले. व्हिडिओसाठी नवं मशीन घ्यायचं असेल तर दुकानदाराला एकच विचारा: माझ्या कॅमेऱ्याची एच-२६५ फाईल यावर न अडखळता चालेल का? आपली फाईल पेनड्राइव्हवर घेऊन जा आणि तिथंच लावून बघा.

मॉनिटर आयपीएस पॅनेलचा असावा. स्वस्त मॉनिटरवर हळदीचा पिवळा आणि शालूचा हिरवा वेगळाच दिसतो. मग आपण रंग त्याप्रमाणे बदलतो आणि छापून आलेला अल्बम भलताच निघतो. ज्या लॅबकडून अल्बम छापता, तिथून एक पान छापून आणा, स्क्रीनशेजारी धरा आणि मॉनिटरचा उजेड त्याला जुळेपर्यंत कमी करा. बहुतेकींचा मॉनिटर गरजेपेक्षा जास्त उजळ असतो.

आता कॅमेरा. तो बदलायचा कधी? प्रत्येक कॅमेऱ्याच्या शटरला अंदाजे आयुष्य असतं. निकॉन डी-७५० साठी कंपनीनं दीड लाख क्लिक सांगितले आहेत. लग्नाला अडीच हजार क्लिक एकाच कॅमेऱ्यानं केले, तर तीस लग्नांत ७५ हजार. दोन वर्षांत आकडा गाठला. त्यानंतर तो लगेच बंद पडतो असं नाही, पण तेव्हापासून पैसे बाजूला टाकायला लागा. जुना कॅमेरा विकत घेतानाही हा आकडा आधी विचारा. गाडीचे किलोमीटर विचारतो, तसा.

घेताना आम्ही पहिल्यांदा पाहिलं ते दोन कार्डांची जागा आहे का. मंगलाष्टकं संपतात, अंतरपाट खाली येतो, दोघं पहिल्यांदा एकमेकांकडे बघतात. दोन सेकंदांचा खेळ. तो पुन्हा करा असं आपण भटजींना सांगू शकत नाही. दोन कार्डं असली की तोच फोटो दोन्हीकडे उतरतो. एक दगावलं तरी दुसरं असतं.

कॅनन आणि निकॉन या दोघांनीही २०१८ साली बिनआरशाचे, म्हणजे मिररलेस, फुल फ्रेम कॅमेरे आणले. पुष्कळ मॉडेलं वजनाला हलकी आहेत. दिवसभर गळ्यात ओझं वागवणाऱ्या बाईला ते लगेच कळतं. आवाज बंद करूनही फोटो निघतो. पण मंगल कार्यालयातल्या एलईडी दिव्यांखाली असा बिनआवाजाचा फोटो काढला, तर त्यावर आडवे पट्टे येऊ शकतात. हे मुहूर्तावर कळण्याऐवजी आधी कार्यालयात जाऊन बघावं.

जुन्या लेन्स टाकू नका. अडॅप्टर लावून पुष्कळशा चालतात. मात्र निकॉनच्या ज्या जुन्या लेन्सना स्वतःची मोटार नाही, त्या एफटीझेड अडॅप्टरवर बसतात, पण त्यांचा ऑटोफोकस चालत नाही. आपली लेन्स दुकानात नेऊन लावून बघा. आणि कॅमेरा व लेन्स यांत एकच परवडत असेल, तर लेन्स घ्या. कॅमेरे बदलतात, चांगली लेन्स टिकते. वर्षातून दोनदा लागणारी लेन्स भाड्यानं आणावी.

आता पैसे. समजा कॅमेरा एक लाख वीस हजारांचा आहे आणि तो चार वर्षं चालवायचा आहे. वर्षाला तीस लग्नं म्हणजे १२० लग्नं. प्रत्येक लग्नामागं हजार रुपये कॅमेऱ्याचे झाले. असेच डिस्कचे, कॉम्प्युटरचे काढा आणि ते दरात धरा. आम्ही हे पैसे विसार आला की त्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाकतो. ते खातं घरखर्चाला उघडत नाही. गेल्या वेळी निम्मे पैसे त्यातून आले आणि निम्मे बँकेचे मुद्रा कर्ज. मुद्रात ५० हजारांपर्यंत शिशु आणि त्यापुढे पाच लाखांपर्यंत किशोर गट आहे, आणि त्याला तारण लागत नाही. उद्यम नोंदणी ऑनलाइन होते, फुकट होते. त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. हप्ता ठरवताना भर मोसमातला महिना धरू नका. श्रावणात जो हप्ता झेपेल, तोच खरा.

शेवटचं, पण आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचं. बिल कुणाच्या नावानं आहे? आम्ही दुकानात गेलो की दुकानदार आमच्याबरोबर आलेल्या भाच्याशी बोलतो. भाचा बारावीत आहे आणि त्याला शटर म्हणजे दुकानाचं शटर वाटतं. यात हसण्यासारखं आहे, पण बिलही त्याच सवयीनं घरातल्या पुरुषाच्या नावानं फाटतं. मग वॉरंटी त्यांची, विमा त्यांचा, कर्ज मागायला गेलं की धंदाही त्यांचा. काम तुमचं असेल तर बिल तुमच्या नावानं घ्या. त्यावर वस्तूचा सिरियल नंबर आहे ना, तो तपासा आणि बिलाचा फोटो काढून ठेवा. विमा काढताना विचारा, की दुकानाबाहेर, लग्नात नेलेला कॅमेरा त्यात धरला आहे का. लेखी उत्तर घ्या.

तर मैत्रिणींनो, या आठवड्यात एक कागद घ्या. त्यावर तीन रकाने करा: काय हरवू शकतं, काय अडतं, काय नुसतं दिसतं. आपापल्या धंद्यातल्या वस्तू त्यात लिहा आणि डावीकडून खर्च करायला लागा. तुळशीच्या लग्नाला अजून वेळ आहे. पुरेसा आहे.