‘बटण दाबू का?’ : घरच्या कॉम्प्युटरवर विंडोज ११ टाकायचं की नाही



मागच्या महिन्यात सांगलीहून बाबांचा फोन आला. "अगं, स्क्रीनवर परत तेच आलंय. विंडोज १० चा सपोर्ट संपला म्हणे. काय करू? दाबू का बटण?"

मी म्हटलं, "बाबा, काहीही दाबू नका. शनिवारी येते, मग बघू."

तुम्ही हा भाग मोबाईलवर ऐकताय, मला माहितीये. पण घरी एक जुना कॉम्प्युटर असतो, आणि त्याचं काही अडलं की फोन तुम्हालाच येतो. बरोबर ना? म्हणून आजचा विषय हाच.

आधी माझं एक पाप सांगते. बाबा घरी लग्नपत्रिकांचं डीटीपी करतात. काही वर्षांपूर्वी मी त्यांना न विचारता विंडोज ७ चं १० करून टाकलं. फुकट मिळतंय, नवीन आहे, अजून काय पाहिजे! दुसऱ्या दिवशी त्यांचं मराठी फॉन्टचं जुनं सॉफ्टवेअर उघडेना. त्याचं यूएसबीला लावायचं लॉक नव्या विंडोजला ओळखताच येईना. आणि दिवस ऐन लग्नसराईचे! आठ दिवस बाबा रात्री मित्राच्या दुकानात जाऊन पत्रिका लावत होते. शेवटी सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती विकत घ्यावी लागली. मला एका शब्दाने बोलले नाहीत, पण पुढे दोन वर्षं त्यांनी मला त्या कॉम्प्युटरला हात लावू दिला नाही.

मग आता सरळ ‘नको’ म्हणायचं का? तेही चालत नाही. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. कॉम्प्युटर बंद पडत नाही, रोज सुरू होतो, म्हणून वाटतं काही झालंच नाही. पण गोम अशी आहे की विंडोज ११ साठी दुरुस्ती आली की हॅकर मंडळी ती उघडून बघतात. नेमकं काय बदललं, त्यावरून भोक कुठे होतं ते कळतं. तेच भोक १० मध्येही असेल, तर तिथे ते बुजवायला आता कुणी नाही.

२०१७ चं वॉनाक्राय आठवतंय? त्या भोकाची दुरुस्ती मार्चमध्येच आली होती. ज्यांनी ती टाकली नव्हती, ते मे महिन्यात सापडले. ब्रिटनमधल्या हॉस्पिटलांचं काम ठप्प झालं होतं.

तर शनिवारी मी बाबांच्या शेजारी खुर्ची ओढून बसले आणि तीन प्रश्न घेतले. तुम्हीही हेच घ्या.

पहिला प्रश्न : या मशीनवर विंडोज ११ बसतंय का? रॅम ४ जीबी आणि डिस्क ६४ जीबी ही किमान अट आहे, पण खरं अडतं ते टीपीएम २.० आणि प्रोसेसरवर. इंटेलचा असेल तर ढोबळमानाने आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. मायक्रोसॉफ्टचं ‘पीसी हेल्थ चेक’ नावाचं फुकट ॲप आहे, ते चालवलं की उत्तर मिळतं. बाबांचा कॉम्प्युटर २०१४ चा, चौथ्या पिढीचा. विषय संपला. अटी चुकवून ११ टाकायच्या युक्त्या यूट्यूबवर ढीगभर आहेत. पण अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ज्यावर घर चालतं त्या मशीनवर हा खेळ नको.

ताईचा लॅपटॉप मात्र २०१९ चा. ॲप म्हणालं ‘नाही’, कारण टीपीएम बायोसमध्ये बंद होतं. ते चालू केलं, झालं काम. पण बायोसला हात लावण्याआधी बिटलॉकरची रिकव्हरी की लिहून ठेवा. नाहीतर कॉम्प्युटर ती मागतो आणि आपण बघत बसतो.

दुसरा प्रश्न : कोणतं काम थांबून चालणार नाही? हे आपण ठरवायचं नाही, वापरणाऱ्याला विचारायचं. प्रिंटर कोणता, फॉन्टचं लॉक चालेल का, टॅलीची आवृत्ती कुठली. एका कागदावर लिहा आणि प्रत्येक कंपनीला फोन करून विचारा.

तिसरा प्रश्न : फसलं तर परत फिरता येईल का? अपग्रेड केल्यावर साधारण १० दिवस जुन्या विंडोजवर परत जायची सोय असते. पण फोटो आणि फायलींची एक कॉपी बाहेरच्या हार्ड डिस्कवर आधीच हवी. आणि लग्नसराईत, परीक्षेच्या तोंडावर, रिटर्न भरायच्या आठवड्यात हे काम काढू नका.

मग बाबांचं काय ठरलं? घरगुती वापरासाठी विंडोज १० ला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे जादा अपडेट मिळतात. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर ते फुकट आहेत. ती नोंदणी केली. बँकेचं काम त्या मशीनवरून बंद. ऑक्टोबरनंतर तो कॉम्प्युटर फक्त पत्रिकांसाठी, इंटरनेटची वायर काढून. पेनड्राईव्ह लावायचा तोही आधी ताईच्या लॅपटॉपवर तपासूनच. नव्या मशीनसाठी पैसे बाजूला टाकायला सुरुवात केली आहे. फक्त ब्राउझर आणि पिक्चर एवढंच काम असतं, तर मी लिनक्स मिंट टाकून दिलं असतं. पण त्यांचं फॉन्टचं सॉफ्टवेअर विंडोजचंच आहे, त्यामुळे तो पर्याय बाद.

म्हणजे बघा, एकाच घरात दोन मशीन आणि दोन वेगळी उत्तरं. चुकीचं उत्तर एकच : अपडेट बंद, नेट चालू, आणि त्याच्यावरच नेटबँकिंग.

निघताना बाबा म्हणाले, "या वेळी विचारून केलंस, बरं झालं." मला तेवढं पुरेसं होतं.

या रविवारी घरी फोन करा. विचारा, स्क्रीनवर काय येतंय. आणि ‘मी करतो’, ‘मी करते’ म्हणण्याआधी त्यांचं काम काय आहे ते ऐकून घ्या. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!