पोर्तुगालात शेती करून राहायचे तर : निघण्यापूर्वीचे नियोजन

(दक्षिण कोकणातील शेतकरी मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



काजूवरील ढेकण्या आणि नारळाचे खत यांवर सकाळपासून पुष्कळ चर्चा झाली. मला दिलेला विषय थोडा वेगळा आहे, पण अलीकडे या भागातून तो वारंवार विचारला जातो. परदेशी जाऊन, जमीन घेऊन, आपल्यापुरते पिकवून राहता येईल का? पोर्तुगालपुरता त्याचा विचार आपण करू.

गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला. त्यापूर्वी गोव्यात जन्मलेल्यांच्या कुटुंबांतील अनेकांनी पोर्तुगीज राष्ट्रीयत्वाची नोंद केली आहे. पेडणे, सावंतवाडी, दोडामार्ग या भागांत एकमेकांच्या सोयरिकी असल्याने हा विषय हद्दीच्या दोन्ही बाजूंना आहे. पूर्वी त्या पासपोर्टवर बहुतेक जण इंग्लंडात कामाला जात. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर, २०२१ पासून तो सरळ मार्ग बंद झाला. तेव्हा पोर्तुगालातच जाऊन शेती करावी, असे काही कुटुंबांच्या मनात येते. तिथल्या आतल्या डोंगराळ भागातील गावे ओस पडत चालली आहेत व घरासकट जमीन स्वस्त मिळते, हे खरे आहे. मात्र ती स्वस्त का आहे, हे आधी समजून घेतले पाहिजे.

पाऊस उलट्या हंगामात

सल्ल्यासाठी आलेल्या एका कुटुंबाने जमिनीचे फोटो, किंमत, विमानभाडे असे सगळे कागद टेबलावर मांडले होते. बरोबर आलेल्या आजींनी एकच विचारले, "थंय पावस कधी पडता?" घरातील कोणालाच उत्तर देता आले नाही. शेतीच्या दृष्टीने पहिला प्रश्न तोच आहे.

आपल्याकडे अडीच ते साडेतीन हजार मि.मी. पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबरात पडतो. लिस्बनला वर्षभरात सुमारे ७५० मि.मी. पडतो, आणि तोही मुख्यतः ऑक्टोबर ते एप्रिल या थंडीच्या महिन्यांत. जुलै-ऑगस्ट जवळजवळ कोरडे जातात. म्हणजे पिकाला ऊन असते तेव्हा पाणी नसते आणि पाणी असते तेव्हा ऊन कमी. त्यामुळे गहू, राय आणि फावा हा मोठ्या दाण्याचा वाल शरद ऋतूत पेरतात व ते पावसावर येतात. मका, चवळी, टोमॅटो ही उन्हाळी पिके ओलिताशिवाय येत नाहीत. भात तिथे होतो, पण तो सादो, मोंदेगो, टेगस या नद्यांच्या खोऱ्यांत, पाटाच्या पाण्यावर. डोंगरातील तुकड्यावर भाताची आशा धरू नये.

आतल्या भागात हिवाळ्यात दहिवर गोठते, त्यामुळे नारळ, सुपारी, कोकम विसरावे. काजू आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणला, पण तो मूळचा ब्राझीलचा. पोर्तुगालात त्याची बाग होत नाही. तिथे ऑलिव्ह, द्राक्ष, चेस्टनट आणि हिवाळी कोबीवर्गीय भाजी आहे. ओल्या नारळाच्या वाटणावर वाढलेल्या घराने हा बदल चुलीपासून मान्य केला पाहिजे.

पोटाचा हिशोब

चार माणसांच्या घराला बियाण्यासह वर्षाला सुमारे ५०० किलो धान्य धरू. ग्रॅनाइट किंवा शिस्ट खडकावरील उथळ, आम्ल जमिनीत पावसावर हेक्टरी १५ क्विंटलच धरावेत. त्याला सुमारे ३३ गुंठे लागतील. दरवर्षी त्याच जागी धान्य घेणे बरे नाही. फेरपालटासाठी तेवढेच आणखी क्षेत्र धरून त्यात फावा घ्यावा. असे ६५ ते ७० गुंठे झाले.

तेल महिन्याला २ किलो, म्हणजे वर्षाला २४ किलो. १०० किलो ऑलिव्हपासून साधारण १२ ते १८ किलो तेल निघते. म्हणजे १६० किलो फळे हवीत. कोरडवाहू जुने झाड १० ते १५ किलो देते असे धरले, तरी ते एक वर्षाआड कमी फळते. म्हणून २५ झाडे हवीत, तीही आधीपासून फळणारी. नवी रोपे लावून पहिल्या दोन-तीन वर्षांत तेल मिळणार नाही.

पाण्याचा हिशोब

भाजीपाल्याचे ५ गुंठे, म्हणजे ५०० चौ. मीटर घेऊ. भर उन्हाळ्यात दिवसाला ५ मि.मी. पाणी दिले तर रोज २,५०० लिटर लागते. १२० दिवसांचे ३ लाख लिटर होतात. १०० चौ. मीटर छपरावरून, ७०० मि.मी. पाऊस धरून व गळती वजा जाता, सुमारे ५६ हजार लिटर साठेल. ते २२ दिवस पुरेल. म्हणून जमीन बघताना विहिरीचे किंवा झऱ्याचे पाणी ऑगस्टअखेर किती राहते, हेच विचारावे. जमीन दोनदा पाहावी : एकदा ऑगस्टमध्ये पाण्यासाठी, एकदा जानेवारीत थंडी व ओल पाहण्यासाठी. फेब्रुवारीत हिरवेगार रान बघून सौदा करू नये.

कागद आणि आग

तिथे मालमत्तेचे 'रुस्तिको' म्हणजे शेतीची आणि 'उर्बानो' म्हणजे घराची असे दोन प्रकार आहेत. रुस्तिको जमिनीवर पडकी भिंत आहे म्हणून घर बांधता येत नाही. चांगली शेतजमीन राष्ट्रीय राखीव क्षेत्रात असेल तर निर्बंध आणखी कडक होतात. करनोंदीचा उतारा आणि मालकी नोंदीचा उतारा वेगळे असतात. दोन्ही जुळवून घ्यावेत. सामाईक वारसांची अडचण तिथेही आहे. लहान तुकडा विकताना लगतच्या शेतमालकाला खरेदीचा अग्रहक्क असतो, तोही आधी निकालात काढावा.

जून २०१७ मध्ये पेद्रोगाव ग्रांदे भागातील वणव्यात ६६ माणसे दगावली. रानात घर असेल तर भोवतालच्या ५० मीटर पट्ट्यातील झाडझाडोरा दरवर्षी कायद्याने विरळ करावा लागतो. ओस गावात ही मजुरी आपल्यालाच करावी लागते.

रोख पैसा

कोठार भरले तरी वीज, डिझेल, औषध, दाताचा डॉक्टर यांना पैसाच लागतो. मुलांना १८ वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचे आहे आणि ते पोर्तुगीज भाषेत आहे. कोकणातली घरे अनेक वर्षे मुंबईच्या मनीऑर्डरवर चालली, हे आपण विसरू नये. घरातील एकाला तरी बाहेर काम मिळेल काय, आणि त्याला भाषा येते काय, हे आधी ठरवावे. निदान दोन वर्षांचा खर्च गाठीशी असावा. इथले बी पुडीत बांधून नेता येत नाही. युरोपीय संघात बियाण्यालाही फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र लागते.

इथली जमीन

आता सर्वांत महत्त्वाचे. परदेशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेतले की भारतीय नागरिकत्व संपते. पुढे ओसीआय कार्ड मिळाले तरी त्यावर भारतात शेतजमीन, लागवडीचा मळा किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. पूर्वीची जमीन ठेवता येते, वारसाने आलेली घेता येते; पण एकदा विकलेली पुन्हा खरेदी करता येत नाही. म्हणजे तिकडचे दोन हेक्टर घेण्यासाठी इथला सातबारा मोकळा केला, तर परतीची वाट आपणच बुजवली असे होईल. तिकडची जमीन पुन्हा विकता येईल, इथली पुन्हा मिळणार नाही.

तेव्हा माझी शिफारस अशी आहे :

१. निर्णयापूर्वी घरातील दोघांनी वर्षभर भाषा शिकावी.
२. जमीन न घेता, भाड्याच्या घरात राहून तिथला पेरणी ते काढणी असा एक पूर्ण हंगाम पाहावा.
३. धान्य, तेल, पाणी, सरपण आणि रोख पैसा या पाचांचा हिशोब कागदावर मांडावा. एकही बसत नसेल तर थांबावे.
४. नागरिकत्वाचा अर्ज करण्यापूर्वी इथल्या जमिनीची वाटणी, वारसनोंद व कसणाऱ्याची व्यवस्था लेखी करावी.
५. पहिली पाच वर्षे इथली जमीन विकू नये.

मुलाबाळांच्या भल्यासाठी कोणी दूर जात असेल तर त्याला अडवण्याचा माझा हेतू नाही. मात्र नवे रोप जोमाने धरले, याची खात्री होईपर्यंत जुने झाड तोडू नये, एवढेच मला सांगायचे आहे.