जुळ्यांतली निरोगी बहीण

एकाच फलित बीजापासून झालेल्या जुळ्या मुलींची जनुके सारखीच असतात. तरीही एकीला डुशेनचा स्नायुविकार होऊन तिला जिना चढवेना आणि दुसरी मात्र ठणठणीत, अशी उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत.

स्त्रीच्या पेशीत एक्स गुणसूत्रे दोन असतात, एक आईचे, एक वडिलांचे. गर्भ अगदी कोवळा असतानाच प्रत्येक पेशी त्यांतले एक जवळजवळ पूर्ण बंद करते. १९४९ साली कॅनडात मरे बार आणि युअर्ट बर्ट्राम यांना मांजरीच्या चेतापेशींत एक गडद ठिपका दिसला. बोक्यांच्या पेशींत तो नव्हता. हेच ते मिटलेले एक्स, हे पुढे कळले. कोणते एक्स मिटायचे हे मात्र प्रत्येक पेशीत दैवावर सोडलेले असते आणि एकदा ठरले की तिच्यापासून झालेल्या साऱ्या पेशी तेच पाळतात. हे १९६१ साली मांडले इंग्लंडमधल्या मेरी लायन यांनी, उंदरांच्या अंगावरच्या रंगांवरून. केसांच्या रंगातून एवढे खोल पाहणाऱ्या या बाईंबद्दल मला अपार आदर वाटतो.

डिसेंबर २००१ मध्ये टेक्सासला रेनबो नावाच्या तिरंगी मांजरीच्या एका पेशीपासून क्लोनिंगने सीसी हे पिल्लू जन्माला आले. जनुके तीच, पण अंगावर नारिंगी केस एकही नाही! त्या पेशीत नारिंगी रंगाचे एक्स बंद होते, ते बंदच राहिले.

जुळ्या मुलींत असेच घडू शकते. डुशेनचे सदोष जनुक एक्सवर असते. एकीच्या स्नायूंत निरोगी एक्स बहुतेक ठिकाणी मिटले तर ती आजारी पडते. दुसरीत ते पुरेसे चालू राहिले तर ती धडधाकट दिसते.

दिसते, एवढेच. सगळे घर आजारी मुलीभोवती धावत असते, ते साहजिक आहे. पण सदोष जनुक दोघींतही आहे. निरोगी बहिणीच्याही प्रत्येक मुलग्याला हा आजार होण्याची शक्यता निम्मी असते, आणि पुढे तिच्या स्वतःच्या हृदयाचा स्नायू दुबळा होऊ शकतो. तेव्हा तिला समजेल अशा वयात हे सारे तिलाच सांगा, जनुकीय समुपदेशकाकडे न्या, आणि मोठेपणी तिच्या हृदयाची तपासणी ठरावीक काळाने होत राहील असे पाहा.