अर्जासोबतचे पत्र आणि त्याचा वाचक

नोकरीच्या अर्जाला जे छोटे पत्र जोडले जाते आणि ज्याला आता मराठीतही सर्रास कव्हर लेटर म्हटले जाते, त्याचे काम बायोडाटाच्या कामाहून मुळातच वेगळे आहे. बायोडाटा ही उमेदवाराचे शिक्षण, अनुभव आणि कौशल्ये यांची तारीखवार नोंद असते आणि ती कोणत्याही कचेरीत धाडली तरी फारशी बदलत नाही. कव्हर लेटर मात्र एका विशिष्ट जागेसाठी एका विशिष्ट वाचकाला लिहिलेले असते, आणि त्या नोंदींपैकी कोणत्या नोंदी या जागेच्या उपयोगी पडतात व का, एवढेच त्याने सांगायचे असते. ज्या पत्रातील कंपनीचे नाव खोडून दुसऱ्या कंपनीचे घातले तरी काहीच बिघडत नाही, ते पत्र कितीही शुद्ध भाषेत असले तरी या अर्थाने कव्हर लेटर ठरत नाही. सरकारी भरतीत ऑनलाइन अर्जाच्या ठरावीक रकान्यांपलीकडे उमेदवाराला सहसा एक वाक्यही लिहिता येत नाही, म्हणून हा विषय मुख्यतः खासगी कंपन्या, स्वयंसेवी संस्था, संशोधनसंस्था, वृत्तपत्रे आणि प्रकाशनसंस्था यांच्यापुरता उरतो. पण आजच्या नोकऱ्यांपैकी मोठा भाग याच क्षेत्रांत आहे.

या लेखनप्रकाराचे जुने आणि प्रसिद्ध उदाहरण म्हणून लिओनार्दो दा विंची याने १४८२ च्या सुमारास मिलानचा सत्ताधीश लुडोविको स्फोर्झा याला उद्देशून तयार केलेल्या पत्राकडे बोट दाखवले जाते. हा मसुदा मिलानच्या अँब्रोसियाना ग्रंथालयातील ‘कोडेक्स अटलांटिकस’ या संग्रहात आहे; तो लिओनार्दोच्या स्वतःच्या हस्ताक्षरात नाही आणि पत्र प्रत्यक्ष पाठवले गेल्याचा पुरावाही नाही. तरीही त्याची रचना अभ्यासण्याजोगी आहे. त्या काळात मिलान फेराराच्या बाजूने व्हेनिसविरुद्धच्या युद्धात उतरले होते आणि वाचकाच्या डोक्यात लढाईचाच विचार होता, हे ओळखून पत्रात हलके पूल, वेढ्याच्या वेळी खंदकातील पाणी काढून टाकण्याच्या युक्त्या, तोफा, आवाज न करता खणायचे भुयारी मार्ग आणि आच्छादित युद्धगाड्या यांची क्रमांकवार यादी आधी येते, आणि ज्या कलेमुळे हा मनुष्य पुढे जगप्रसिद्ध झाला ती चित्रकला शेवटी, शांततेच्या काळातील कामांत, जाताजाता सांगितली जाते. स्वतःला काय आवडते यापेक्षा वाचकाला या घडीला काय हवे आहे याला दिलेला हा अग्रक्रम अजोड आहे. त्याच वेळी या पत्राचे अनुकरण जपून करावे असेही म्हटले पाहिजे, कारण यादीतील बहुतेक यंत्रे तोवर कागदावरच होती, आणि असा दावा पंधराव्या शतकातील सत्ताधीशापुढे खपून गेला तरी आज मुलाखतीच्या तिसऱ्या प्रश्नाला उघडा पडतो.

त्याहून अधिक शिकण्यासारखी सामग्री भारतीय वाचकाच्या जवळची आहे. गणितज्ञ श्रीनिवास रामानुजन यांनी एका वर्षाच्या आत लिहिलेली दोन पत्रे उपलब्ध आहेत आणि दोन्ही पत्रांमागे तोच मनुष्य, तीच विद्या व तीच अडचण असूनही वाचक बदलल्यामुळे त्यांची घडण पार बदललेली दिसते. पहिले पत्र ९ फेब्रुवारी १९१२ चे, मद्रास पोर्ट ट्रस्टमधील कारकुनाच्या रिकाम्या जागेसाठीचे आहे. त्यात मॅट्रिक उत्तीर्ण झाल्याचे व एफ.ए.पर्यंत, म्हणजे त्या काळच्या मॅट्रिकनंतरच्या दोन वर्षांच्या परीक्षेपर्यंत, शिकल्याचे सांगून पुढचे शिक्षण प्रतिकूल परिस्थितीमुळे थांबले एवढ्यावर तो विषय संपवला आहे. त्यानंतरचा सगळा वेळ गणितात घालवला, हे काम नीट करता येईल असा विश्वास आहे, आणि म्हणून नेमणूक व्हावी, असा मजकूर येतो. सोबत प्रेसिडेन्सी कॉलेजातील गणिताचे प्राध्यापक मिडलमास्ट यांचे शिफारसपत्र जोडलेले होते. रामानुजन एफ.ए.च्या परीक्षेत अनुत्तीर्ण झाले होते आणि हे अपयश लपवण्यासाठी किंवा त्याची करुण कहाणी सांगण्यासाठी पत्रात एकही जादा ओळ खर्च झालेली नाही, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. शिक्षणातील किंवा नोकरीतील खंड पत्रात कसा मांडावा असे जे आज वारंवार विचारले जाते, त्याला याहून नेमके उत्तर देणे कठीण आहे. १ मार्च १९१२ पासून त्यांना दरमहा ३० रुपयांवर ती जागा मिळाली. अर्थात ती केवळ पत्राच्या बळावर मिळाली असे मानणे भाबडेपणाचे होईल, कारण मद्रासमधील गणितप्रेमी मंडळींना हा तरुण तोवर ठाऊक झाला होता आणि पोर्ट ट्रस्टमधील वरिष्ठ अधिकारी एस. नारायण अय्यर हे स्वतः त्याच वर्तुळातले होते. ओळखीने दार किलकिले होते हे तेव्हाही खरे होते आणि आजही आहे. पत्राचे काम त्यानंतर सुरू होते.

दुसरे पत्र १६ जानेवारी १९१३ चे, केंब्रिजमधील गणितज्ञ जी. एच. हार्डी यांना लिहिलेले. नोकरीचा अर्ज या शब्दाच्या काटेकोर अर्थाने ते अर्ज नाही, पण सोबतच्या कागदांकडे अनोळखी वाचकाचे लक्ष वळवणे हेच त्याचे काम असल्याने ते कव्हर लेटरच आहे. आपण मद्रासच्या पोर्ट ट्रस्टमध्ये हिशेबखात्यात वर्षाला अवघ्या २० पौंडांवर कारकून आहोत, विद्यापीठाचे शिक्षण झालेले नाही, हे सुरुवातीलाच सांगून टाकल्यावर पत्र पुढे हार्डींच्याच ‘ऑर्डर्स ऑफ इन्फिनिटी’ या १९१० च्या पुस्तिकेकडे वळते. तिच्यातील एका पानाचा हवाला देऊन, दिलेल्या संख्येपेक्षा लहान असलेल्या अविभाज्य संख्या किती हे सांगणारे निश्चित सूत्र सापडलेले नाही या विधानावर, आपल्याला वास्तवाच्या अगदी जवळ जाणारे सूत्र मिळाले आहे असा दावा केला जातो. वाचकाने जेथे प्रश्न मोकळा सोडला होता तेथेच बोट ठेवणे हा पत्राचा कणा आहे. गरिबीचा उल्लेखही येतो, पण तो सहानुभूतीसाठी येत नाही. सोबतच्या कागदांत काही मोलाचे आढळले तर ती प्रमेये प्रसिद्ध व्हावीत, ते स्वतःच्या खर्चाने करणे शक्य नाही, अशा व्यवहारी विनंतीचे कारण म्हणून येतो.

या पत्राची पुढची कथा अधिक बोधक आहे. ज्या अविभाज्य संख्यांच्या सूत्राचा दावा पत्राच्या दर्शनी भागात होता तो चुकीचा निघाला. हार्डींची खात्री पटली ती सोबत जोडलेल्या शंभराहून अधिक निष्पत्तींपैकी काहींमुळे, विशेषतः सतत अपूर्णांकांच्या सूत्रांमुळे, कारण ती खोटी असती तर रचण्याइतकी कल्पकता कोणाकडेच नसती असे त्यांना वाटले. म्हणजे पत्राने वाचकाला पुराव्यापर्यंत आणले आणि निर्णय पुराव्याने केला. कव्हर लेटरकडून याहून जास्त अपेक्षा ठेवणाऱ्या उमेदवारांची पत्रे विशेषणांनी फुगतात, आणि ज्याची शहानिशा करता येईल असे त्यांत काहीच उरत नाही. हार्डींनी पुढे असेही नोंदवले की आपल्याला आलेली पत्रे सर्वस्वी रामानुजन यांच्याच शब्दांत असावीत असे त्यांना वाटत नव्हते, कारण त्या वयात रामानुजन यांचे इंग्रजी तेवढे पुरेसे नसावे. या नोंदीला आज वेगळे महत्त्व आले आहे. संगणकावर काही क्षणांत गुळगुळीत पत्र लिहून देणारी साधने प्रत्येकाच्या हाती आल्यामुळे एका जागेसाठी आलेल्या अर्जांतील पत्रे एकमेकांची भावंडे वाटू लागली आहेत. परंतु भाषेसाठी मदत घेण्यात गैर काही नाही हे मद्रासच्या त्या उदाहरणावरून दिसते. गणित उसने आणलेले नव्हते, हा त्यातला निर्णायक भाग होय.

मराठी उमेदवाराच्या बाबतीत एक जादा अडथळा असतो आणि तो शाळेतच तयार होतो. शाळेत शिकवला जाणारा अर्ज हा मुळात सवलत मागण्याचा कागद आहे: रजा, फीमाफी, दाखला, वसतिगृहात प्रवेश. ‘वरील विषयास अनुसरून सविनय अर्ज सादर करतो की’ येथून सुरू होऊन ‘सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा ही नम्र विनंती’ येथे संपणाऱ्या त्या साच्यात अर्जदाराची गरज हेच अर्ज मंजूर होण्याचे कारण असते, आणि तेथे ते योग्यही आहे. नोकरीच्या पत्रात हा साचा जसाच्या तसा उतरला की घरची परिस्थिती, नोकरीची निकड आणि संधी मिळाल्यास तिचे सोने करण्याचे आश्वासन यांनी अर्धे पान भरते. वाचणाऱ्याला यातले काहीच नाकारायचे नसते, पण त्याला सोमवारी सकाळी टेबलावर पडणारे काम कोण उरकेल हे ठरवायचे असते, आणि त्याविषयी पत्र मौन पाळते. नम्रता ही मराठी पत्रलेखनाची जुनी आणि सुंदर रीत आहे; ती मायन्यात आणि समारोपात दिसावी, मधल्या मजकुरात मात्र हिशेब दिसावा.

हा हिशेब म्हणजे काय हे एका कल्पित पण रोजच्या उदाहरणावरून पाहता येते. चिंचवडमधील सुटे भाग बनवणाऱ्या एका मध्यम कारखान्याला लेखा विभागात सहायक हवा आहे आणि जाहिरातीत टॅली, जीएसटी व बँक रिकन्सिलिएशन, म्हणजे कारखान्याची वही आणि बँकेचा उतारा यांचा मेळ घालण्याचे काम, असे तीन शब्द आहेत. सांगलीतील एका सनदी लेखापालाच्या कार्यालयात दोन वर्षे काम केलेली बी.कॉम. मुलगी अर्ज करते. तिच्या पत्राची पहिली ओळ बहुधा अशी असते: ‘मी मेहनती, प्रामाणिक व जबाबदार असून मला अकाउंट्स क्षेत्राची मनापासून आवड आहे.’ या ओळीत खोटे काही नाही. अडचण अशी की हीच ओळ उरलेल्या सर्व अर्जदारांनीही लिहिलेली असते.

आता वाचणाऱ्याच्या, म्हणजे त्या कारखान्याच्या अकाउंट्स मॅनेजरच्या, महिन्याकडे पाहू. पुरवठादारांनी भरलेल्या विवरणपत्रांवरून जीएसटीच्या पोर्टलवर जे विवरण आपोआप तयार होते आणि ज्याच्या आधारे खरेदीवर दिलेल्या कराची वजावट घेता येते, ते जीएसटीआर-२बी नावाचे विवरण दर महिन्याच्या १४ तारखेला येते, आणि कर भरण्याचे जीएसटीआर-३बी हे मासिक विवरणपत्र साधारणतः २० तारखेपर्यंत द्यायचे असते. मधल्या सहा दिवसांत खरेदीची सगळी बिले २बीशी ताडून पाहायची, जी दिसत नाहीत त्यांच्या पुरवठादारांना फोन करायचे, आणि ज्यांनी विवरणपत्र भरलेलेच नाही त्यांच्या कराची वजावट त्या महिन्यापुरती सोडायची, अशी धावपळ त्या विभागात दर महिन्याला होते. एक सुट्टी मध्ये आली की सहाचे पाच दिवस होतात. त्या मुलीने हे काम सांगलीत केलेले असेल, तर तिच्या पत्राची ओळ अशी होऊ शकते: ‘सध्याच्या कामात तीन कारखान्यांची खरेदी दर महिन्याला २बीशी जुळवून, न दिसणाऱ्या बिलांची पुरवठादारवार यादी १७ तारखेच्या आत करून देते, टॅलीतून ही यादी काढण्याची पद्धत आपल्याला प्रत्यक्ष दाखवता येईल.’ यात स्वतःविषयी एकही विशेषण नाही. वाचणाऱ्याची सर्वांत वाईट वेळ कोणती हे लिहिणारीला ठाऊक आहे, एवढे मात्र त्यातून कळते, आणि मेहनत, प्रामाणिकपणा व जबाबदारी हे तिन्ही गुण न सांगता लक्षात येतात. तीन कारखाने, १७ तारीख, टॅली यांपैकी प्रत्येक गोष्ट मुलाखतीत विचारून पडताळता येते, आणि पडताळणीला तयार असल्याचे त्याच ओळीत सांगितलेले आहे.

अशी ओळ लिहिण्यासाठी जाहिरात पुरत नाही. त्या कामाचा महिना कसा जातो याची चौकशी करावी लागते, आणि पत्रावर खर्च होणाऱ्या वेळाचा बराचसा भाग वास्तविक या चौकशीचा असतो. ती झाली असेल तर पत्र तीन-चार परिच्छेदांत, एका पानाच्या आत, सहज आटपते. झाली नसेल तर दोन पानेही अपुरी पडतात. पगाराची अपेक्षा विचारली नसेल तर लिहू नये आणि विचारली असेल तर टाळू नये. आधीच्या मालकाविषयी तक्रार तर कधीच लिहू नये, मग ती कितीही खरी असो.

भाषेचा प्रश्न मराठी उमेदवार बहुधा स्वतःला विचारतच नाही आणि इंग्रजीत लिहून मोकळा होतो. जाहिरात इंग्रजीत असेल तर ते ठीकच आहे. पण मराठी वृत्तपत्र, प्रकाशनसंस्था, ग्रामीण भागात काम करणारी स्वयंसेवी संस्था किंवा सहकारी पतसंस्था यांची जाहिरात मराठीत असताना इंग्रजी पत्र पाठवणे म्हणजे ज्या भाषेत रोज काम करायचे आहे तिचाच नमुना दाखवण्याची संधी सोडणे होय. मराठीत लिहिताना इंग्रजी नमुन्याचा शब्दशः अनुवाद मात्र करू नये, कारण ‘आपल्या गतिशील संघाचा भाग होण्यास उत्सुक’ असली वाक्ये वाचताना ती कोणीच बोलत नाही हे लगेच जाणवते. पत्र ईमेलने जात असेल तर मुख्य मजकूर ईमेलमध्येच असावा आणि विषयाच्या ओळीत पदाचे नाव व जाहिरातीचा क्रमांक असावा. जोडलेल्या फाइलला ‘बायोडाटा नवीन अंतिम २’ असे नाव न देता उमेदवाराचे नाव व पद द्यावे. मराठी मजकूर युनिकोडमध्येच टाइप करावा आणि फाइल पीडीएफ स्वरूपात पाठवावी, कारण जुन्या फाँटमध्ये तयार केलेली फाइल, तो फाँट नसलेल्या संगणकावर उघडली की, अगम्य चिन्हांच्या ओळींसारखी दिसते आणि पाठवणाऱ्याला ते कधीच कळत नाही.